प्रेसिडिओ: शिबंदी मिळते फुकट, तटबंदी आपली आपण

कंपनीतल्या माणसाने चॅटजीपीटीच्या खिडकीत मजकूर चिकटवला की तो मजकूर कंपनीबाहेर गेला. बाहेर जाणारा मजकूर झाकून देण्याच्या या सगळ्या धंद्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. मे २०२३ मध्ये सॅमसंगने कर्मचाऱ्यांच्या जनरेटिव्ह एआय वापरावर बंदी आणली, ती आतला सोर्स कोड कोणीतरी चॅटबॉटमध्ये टाकल्याचं लक्षात आल्यावर. बंदीचा कागद काढायला पाच मिनिटं लागतात, पण लोक खिशातल्या मोबाइलवरून तेच काम चालू ठेवतात. म्हणून मधे एक गेटवे ठेवायचा, बाहेर जाणाऱ्या मजकुरातली नावं-नंबर झाकायचे आणि उत्तर परत आलं की ते पुन्हा जागेवर बसवायचे, हा मार्ग पुढे आला. असा गेटवे बनवून विकायचा विचार करणाऱ्यासमोर पहिल्याच आठवड्यात मजकुरातली वैयक्तिक माहिती शोधून झाकणारं मायक्रोसॉफ्टचं प्रेसिडिओ येतं. ओपन सोर्स आहे, परवाना एमआयटी आहे, त्यामुळे विकाऊ उत्पादनात घालायलाही आडकाठी नाही. नाव लॅटिनमधल्या 'प्रेसिडियम'वरून घेतलंय. अर्थ संरक्षण, शिबंदी.

हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे: महाराष्ट्रातल्या कार्यालयांत जो मजकूर खरोखर फिरतो, म्हणजे अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी, मधे पॅन-आधार-जीएसटी, त्यावर हे साधन कितपत चालतं?

रचना सुटसुटीत आहे. अ‍ॅनालायझर मजकुरात काय संवेदनशील आहे ते शोधतो आणि प्रत्येक सापडलेल्या तुकड्याला ० ते १ मधला गुण देतो. अ‍ॅनॉनिमायझर त्या तुकड्यांचं काय करायचं ते करतो: बदलणं, पुसणं, फुल्या मारणं, हॅश (मजकुरावरून काढलेला, उलटवता न येणारा ठसा), एन्क्रिप्शन (किल्लीने कुलूपबंद करणं), किंवा आपण लिहिलेलं फंक्शन. चित्रांसाठी वेगळा इमेज रिडॅक्टर आहे. पायथॉनमधून थेट वापरता येतं, नाहीतर डॉकरचे दोन कंटेनर (प्रोग्रामचे तयार, बंदिस्त डबे) उठवायचे. माहितीपत्रकातल्या उदाहरणात अ‍ॅनालायझर ५००२ आणि अ‍ॅनॉनिमायझर ५००१ पोर्टवर, आत दोन्ही ३००० वर. या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामने हाक मारायच्या दाराला) स्वतःचं लॉगिन वगैरे काही नाही, तेव्हा हे कंटेनर अंतर्गत नेटवर्कमध्येच ठेवा. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक विनंतीला अ‍ॅनालायझरचं नवं ऑब्जेक्ट बनवणं. त्यात दर वेळी स्पेसी या भाषा-विश्लेषणाच्या लायब्ररीचं मोठं इंग्रजी मॉडेल लोड होतं, ते शेकडो एमबीचं आहे. मग 'प्रेसिडिओ फार हळू आहे' अशी तक्रार सुरू होते. सर्व्हर उठताना एकदाच बनवा, तेच सगळ्यांना वापरा.

इंग्रजी मजकुरावर पहिल्या तासाभरात छान वाटतं. खरी परीक्षा गुणांच्या उंबरठ्यापासून, म्हणजे किती गुणांच्या वर तुकडा झाकायचा त्या रेषेपासून, सुरू होते. स्पेसीने ओळखलेल्या नावांना ठरावीक ०.८५ गुण मिळतात, ते मॉडेलच्या खात्रीवरून आलेले नसतात. फोन नंबरला मिळतात ०.४. म्हणजे चुकीची पकड कमी व्हावी म्हणून कोणी सगळ्यांना एकच ०.५ चा उंबरठा लावला, तर नावं झाकली जातात आणि मोबाइल नंबर उघडे निघून जातात. अपवाद तेव्हाच, जेव्हा जवळपास 'मोबाइल' किंवा 'फोन' असा संदर्भशब्द सापडतो. संदर्भ सापडला की गुणात ०.३५ ची भर पडते आणि किमान ०.४ तरी मिळतात. उंबरठा प्रकारानुसार वेगळा ठेवा. आणि गळती व चुकीची पकड यांत निवड करायची वेळ आली तर चुकीची पकड स्वीकारा. तारखेऐवजी खूणनाव (झाकलेल्या शब्दाच्या जागी बसवलेली खूण) आलं म्हणून कोणी खटला भरत नाही.

संदर्भशब्दांची मेख मराठीत जास्त टोचते. डिफॉल्टने प्रेसिडिओ तुकड्याच्या आधीचे ५ शब्द पाहतं आणि नंतरचे ०. इंग्रजीत 'माय पॅन इज' असं आधी येतं, म्हणून निभतं. आपण 'अमुक-तमुक हा त्यांचा पॅन आहे, खात्याला जोडून घ्या' असंही तितक्याच सहज लिहितो. शब्द नंतर येतो आणि पाहिलाच जात नाही. नंतरच्या शब्दांची संख्या ४ ते ५ करा आणि देवनागरी शब्द यादीत घाला: पॅन, आधार, खाते, मोबाइल, भ्रमणध्वनी. 'आधार' घालताना मात्र एक लक्षात ठेवा. 'या अहवालाच्या आधारे' हे वाक्य प्रत्येक सरकारी पत्रात असतं आणि त्याच्या शेजारी जावक क्रमांकही असतो.

आता भारतीय क्रमांक. पॅन, आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन नोंदणी यांचे तयार रेकग्नायझर (एकेक प्रकार ओळखणारे भाग) प्रेसिडिओसोबत येतात, ही जमेची बाजू. पण ते सगळे इंग्रजी भाषेखाली नोंदवलेले आहेत. विनंतीत भाषा मराठी दिली तर साधन सरळ सांगतं की या कामाला एकही रेकग्नायझर नाही. कोणते चालू आणि कोणते बंद, हे आवृत्तीप्रमाणे बदलतं. माहितीपत्रकावर विसंबू नका, सपोर्टेड एंटिटीजच्या एपीआयला विचारून यादी डोळ्यांनी पाहा.

आधारच्या रेकग्नायझरची गंमत वेगळीच आहे. १२ अंकांच्या साध्या पॅटर्नला (साच्याला) अवघा ०.०१ गुण. मग व्हेरहॉफ पद्धतीने शेवटचा तपासणी अंक जुळवला जातो; जुळला तर थेट १, नाही जुळला तर तुकडा रद्द. त्यामुळे डेमोमध्ये १२३४ ने सुरू होणारा मनातला आकडा टाकणाऱ्याला काहीच सापडत नाही आणि तो म्हणतो साधन बिघडलंय. बिघडलेलं नसतं, आधार ० किंवा १ ने सुरूच होत नाही. उलट बाजू मात्र गंभीर आहे. ग्राहकाचा आधार टाइप करताना एक अंक चुकला तर व्हेरहॉफ ती चूक हमखास पकडतो, आणि त्यामुळेच प्रेसिडिओ तो आकडा सोडून देतं. बारापैकी अकरा अंक बरोबर असलेला आधार, शेजारी नाव-पत्त्यासह, बाहेर. यासाठी स्वतःचा दुसरा, तपासणी अंक न पाहणारा रेकग्नायझर लिहा आणि त्याला संदर्भशब्द असेल तेव्हाच उंबरठा ओलांडता येईल इतके कमी गुण द्या. चार-चारच्या गटांत, मधे जागा सोडून लिहिलेला आधार तुमच्या आवृत्तीला सापडतो का हेही पहिल्याच दिवशी पाहा. जुन्या पॅटर्नमध्ये सलग १२ अंकच धरलेले होते.

जीएसटी क्रमांकाकडे बहुतेकजण 'तो काय सार्वजनिकच असतो' म्हणून दुर्लक्ष करतात. १५ अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे अख्खा पॅन. एकमालकी दुकान असेल तर तो मालकाचा वैयक्तिक पॅन. पॅनचा पॅटर्न शब्दाच्या सीमेवर सुरू होतो, म्हणून जीएसटी क्रमांकाच्या पोटातला पॅन त्याला दिसत नाही. जीएसटीचा वेगळा रेकग्नायझर लावलेला नसेल तर बिलाच्या एका ओळीत 'पॅन' झाकलेला आणि शेजारच्या ओळीत जीएसटीमधून तोच उघडा, असं फळ मिळतं. यूपीआयच्या पत्त्याचंही तसंच. त्यात '@' असतं, पण पुढे डॉट आणि डोमेन नसतं, म्हणून ईमेलचा रेकग्नायझर त्याला हात लावत नाही. आयएफएससी सोपा: ४ अक्षरं, एक शून्य, ६ अक्षर-अंक. बँक खाते क्रमांकाला मात्र ना ठरावीक लांबी, ना सगळ्या बँकांना सारखा तपासणी अंक. तिथे संदर्भशब्दांशिवाय गती नाही.

यानंतर येते मराठी, आणि इथेच तयार साधनाची धाव कुंपणापर्यंत.

पहिला अडथळा अंकांचा. तयार पॅटर्नमध्ये अनेक ठिकाणी अंक म्हणजे फक्त इंग्रजी ० ते ९ असं लिहिलेलं आहे. मंत्रालयाच्या पत्रात किंवा पतसंस्थेच्या नोटिशीत देवनागरीत लिहिलेला आधार त्यांच्या दृष्टीने आकडाच नाही. उपाय स्वस्त आहे: विश्लेषणाआधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. एका अक्षराला एकच अक्षर बदललं जातं, त्यामुळे जागांचे क्रमांक सरकत नाहीत आणि सापडलेला तुकडा मूळ मजकुरातही त्याच ठिकाणी कापता येतो. युनिकोडचं सामान्यीकरण (एकच अक्षर साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) मात्र याच टप्प्यावर करू नका. त्यात अक्षरसंख्या बदलू शकते, आणि मग नावाचा अर्धा भाग झाकलेला, अर्धा उघडा असं होतं. करायचंच असेल तर गेटवेत शिरताक्षणी करा, आणि पुढे तोच मजकूर मूळ समजा.

दुसरा अडथळा विभक्तीचा आणि तो पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आपण रोमन अक्षरांत पॅन लिहितो आणि त्याला चिकटून 'चा', 'वर', 'ने' लावतो. पॅटर्नच्या शेवटी शब्दाची सीमा मागितलेली असते. पण रोमन 'एफ'नंतर लगेच 'चा' आला तर दोन्ही अक्षरंच. मधे सीमा नाही. पॅन सापडत नाही. तोच पॅन, एक जागा सोडून 'चा' लिहिला की सापडतो. म्हणून भारतीय क्रमांकांचे सगळे पॅटर्न पुन्हा लिहा आणि सीमेऐवजी 'आधी रोमन अक्षर किंवा अंक नको, नंतरही नको' अशी अट घाला. अडवायच्या शब्दांच्या यादीलाही हीच बाधा आहे. यादीत प्रकल्पाचं सांकेतिक नाव 'अजिंक्य' असेल आणि ईमेलमध्ये 'अजिंक्यच्या निविदेत' असेल, तर यादी गप्प बसते.

तिसरा अडथळा नावांचा. स्पेसीत मराठीची प्राथमिक तोंडओळख आहे, पण नावं ओळखणारं शिकवलेलं मराठी मॉडेल नाही. इथे पुण्याच्या एल३क्यूब गटाचं काम उपयोगी पडतं. त्यांचा महाएनईआर हा २५,००० हाताने खुणा केलेल्या मराठी वाक्यांचा संच आहे. त्यावर शिकवलेली मॉडेलं खुली आहेत आणि प्रेसिडिओत स्वतंत्र रेकग्नायझर म्हणून जोडता येतात. जोडताना बर्ट या मॉडेल-प्रकाराच्या ५१२ टोकनांच्या (शब्द किंवा शब्दांच्या तुकड्यांच्या) मर्यादेचं भान ठेवा. लांब करारनामा सरळ दिला तर पहिली पानं झाकली जातात आणि पुढचा मजकूर कापला जाऊन न तपासता राहतो, कित्येकदा कोणतीही चूक न दाखवता. तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात मागच्या तुकड्यातली एक-दोन वाक्यं पुन्हा घ्या. बातम्यांच्या भाषेवर शिकलेलं मॉडेल 'आपला विश्वासू' खालची सही किंवा 'रा. मु. पो.' पुढचा पत्ता तितक्या हुकमीपणे ओळखेल अशी आशा धरू नका. पत्रांच्या ठरलेल्या साच्यांसाठी हाताने नियम लिहा.

नाव सापडलं तरी काम संपत नाही. एक वाक्य जवळून पाहू: 'पाटलांनी सुनीताताईंना नोटीस पाठवली.' मॉडेल 'पाटलांनी' आणि 'सुनीताताईंना' हे पूर्ण शब्द व्यक्ती म्हणून धरतं. झाकल्यावर उरतं 'व्यक्ती-१ व्यक्ती-२ नोटीस पाठवली.' कोणी कोणाला? 'नी' आणि 'ना' गेले, वाक्याचा कणाच गेला. आता चॅटजीपीटीसारखं भाषामॉडेल अंदाजाने उत्तर देणार. पुढच्या ओळीत 'पाटील' आले तर ते व्यक्ती-३, 'पाटलांचा' आले तर व्यक्ती-४. एकाच माणसाचे तीन अवतार. यावर दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रत्यय वेगळा काढून खूणनावाच्या बाहेर ठेवायचा: 'व्यक्ती-१ नी व्यक्ती-२ ना नोटीस पाठवली.' दिसायला ओबडधोबड, पण अर्थ शाबूत. आणि सामान्यरूपावरून मूळ नावाकडे यायचं: पाटलां- वरून पाटील, तांब्यां- वरून तांबे. नियमांनी बरंच साधतं, सगळं नाही. ज्याला या बाजारात स्टार्टअप काढायचंय त्याने हे काम बाजूचं समजू नये. विकण्यासारखं जे काही आहे ते इथेच आहे. डॉकरचे दोन कंटेनर कोणीही उठवतं.

मराठी पीडीएफचं दुखणं जुनंच. श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये बनलेल्या फाइलमधून मजकूर काढला की रोमन अक्षरांचं कडबोळं हाती येतं. प्रेसिडिओला त्यात काही सापडत नाही आणि ते 'स्वच्छ' म्हणून पुढे जातं. अशी फाइल ओळखायची सोपी खूण: दस्तऐवज मराठी असूनही काढलेल्या मजकुरात देवनागरी अक्षरं जवळपास शून्य. मग पानाचं चित्र करून टेसरॅक्टमधून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनातून) वाचा. मराठीचा भाषासंच वेगळा बसवावा लागतो, इमेज रिडॅक्टरच्या मूळ मांडणीत इंग्रजीच गृहीत आहे. तेवढी यंत्रणा नसेल तर अशी फाइल सरळ अडवा.

झाकण्याच्या पद्धतींत चुकीची निवड सर्रास होते. डिफॉल्टने प्रत्येक नावाच्या जागी एकच सरसकट खूण येते. दहा माणसांचा तक्रारअर्ज असेल तर दहाही जण एक होतात. हॅश दिसतो भारदस्त, पण मोबाइल नंबरला मीठ, म्हणजे यादृच्छिक जादा अक्षरं, न घालता हॅश लावण्यात अर्थ नाही. भारतात मोबाइल ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक त्या सगळ्या काही मिनिटांत करून पाहतो. एन्क्रिप्शनची किल्ली १६, २४ किंवा ३२ बाइटची लागते, ते परत उलटवताही येतं, पण भाषामॉडेलसाठी ते निरुपयोगी. दर वेळी नवा आरंभांक (सुरुवातीचा यादृच्छिक आकडा) घेतला जात असल्याने एकच नाव दोनदा दोन वेगळ्या लांबलचक अक्षरमाळांत बदलतं. टोकनचं बिल वाढतं आणि परत येताना एखादं अक्षर गळालं तर उलटवताही येत नाही. क्रमांकित खूणनावं देणारा स्वतःचा ऑपरेटर (झाकण्याची पद्धत) लिहा. त्याचा नमुना प्रेसिडिओच्या माहितीपत्रकात आहे.

परत बसवताना दोन ठिकाणी ठेच लागते. उत्तर थोडं थोडं प्रवाहात येत असेल तर कंसात घातलेलं खूणनाव दोन तुकड्यांत फुटतं, आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर अर्धा कंस झळकतो. उघडा कंस दिसला की बंद होईपर्यंत थांबणारा बफर (तात्पुरता साठा) हवा. दुसरं, भाषामॉडेल कधी खूणनावाचं भाषांतर करतं, कधी त्याला प्रत्यय चिकटवतं. जुळवणी थोडी सैल ठेवा, पण न ओळखलेलं खूणनाव अंदाजाने भरू नका. एकाचं थकीत कर्ज दुसऱ्याच्या नावावर दाखवण्यापेक्षा रिकामी जागा बरी. एवढं सगळं स्वतः लिहायचं नसेल तर लाइटएलएलएम या प्रॉक्सीत (मधल्या सर्व्हरमध्ये) प्रेसिडिओ जोडायची सोय तयार आहे, उत्तरात मूळ मजकूर परत बसवण्याचा पर्यायही आहे. इंग्रजीपुरतं चालवायला पुरेसं.

नाव आणि खूणनावाचं कोष्टक ही आता तुमच्याकडची सर्वांत जोखमीची वस्तू झाली. ते संभाषणापुरतं मेमरीत ठेवा, ठरावीक मिनिटांनी पुसा, लॉगमध्ये कधीही नको. चुका शोधायच्या म्हणून मूळ मजकूर डीबग लॉगमध्ये छापणारे गेटवे म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. कायद्याच्या दृष्टीनेही झाकलं म्हणजे सुटलो असं नाही, कारण कोष्टक हातात असेपर्यंत माणूस ओळखता येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. ही जबाबदारी मुख्यतः तुमच्या ग्राहक-कंपनीवर येते, तुमच्यासारख्या प्रक्रिया करणाऱ्याने घोळ घातला तरीही. त्यामुळे तिचा वकील करारात काय मागेल ते आधीच ओळखून ठेवा.

ग्राहक एक खोचक प्रश्नही विचारतो: ओपनएआय १ मार्च २०२३ पासून एपीआयचा डेटा डिफॉल्टने प्रशिक्षणाला वापरत नाही, मग तुम्ही कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षणाला न वापरणं वेगळं आणि गैरवापराच्या तपासणीसाठी ३० दिवसांपर्यंत साठवणं वेगळं, हे उत्तर खरं आहे. पण ज्या कंपनीचा मजकूर फारसा संवेदनशील नाही तिला हे विकत घ्यायची गरज नाही, हेही खरं आहे.

प्रेसिडिओची खरी मर्यादा शेवटी तीच, जिथून सॅमसंगची गोष्ट सुरू झाली. ते व्यक्तीची ओळख शोधतं, कंपनीची गुपितं नाही. निविदेचा दर, रंगाचं सूत्र, सोर्स कोड, विलीनीकरणाची तारीख यात ना नाव ना नंबर; सगळं बिनदिक्कत निघून जातं. कोडमधल्या पासवर्ड-किल्ल्यांसाठी गिटलीक्ससारखं वेगळं साधन लावा, गोपनीय प्रकल्पांच्या नावांसाठी प्रत्ययासकट जुळणारी यादी ठेवा. उरलेल्यासाठी झाकणं हा उपायच नाही. तो मजकूर अडवायचा किंवा कंपनीच्याच सर्व्हरवरच्या मॉडेलकडे वळवायचा. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की स्वयंचलित शोधात सगळं सापडेलच याची हमी नाही. तेव्हा आपल्या जाहिरातीत 'शंभर टक्के सुरक्षित' छापू नये.

इंग्रजी मजकुरासाठी पाचपैकी चार, मराठीसाठी जसंच्या तसं पाचपैकी दीड, आणि वर सांगितलेली डागडुजी केल्यावर साडेतीन. एका हुशार प्रोग्रामरला ती डागडुजी दोन-तीन महिन्यांचं काम आहे. त्यातला मोठा वेळ कोड लिहिण्यात जात नाही, चाचणीची वाक्यं जमवण्यात जातो. खोट्या नावांची, पण खऱ्या साच्यांची ३००-४०० वाक्यं हवीत: नोटीस, डिस्चार्ज कार्ड, सातबाऱ्यावरचा प्रश्न, पगारपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेली मिंग्लिश. आवृत्ती गोठवून ठेवा. नवी आवृत्ती घेण्याआधी तीच वाक्यं पुन्हा चालवा आणि आधी झाकलेलं काय आता उघडं पडलं तेवढंच पाहा. रेकग्नायझरचे गुण आणि चालू-बंद अवस्था दोन्ही आवृत्तीगणिक बदलतात, आणि त्याचा पत्ता लागतो तो ग्राहकाच्या फोनवरूनच.